मान्यताप्राप्त हात

तालुक्याच्या गावातली कर्णबधिर मुलांची निवासी शाळा. जूनमधला पहिला पाऊस पडून गेलेला. व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, ओल्या चपलांचा वास. पालक मुलांना सोडायला आलेले. एक आई वर्गशिक्षिकेसमोर उभी राहिली, पदर सावरला आणि सरळ विचारलं, "बाई, तुम्ही ह्या खुणा कुठं शिकलात?" विचारण्यात संशय नव्हता. घरी पोराशी बोलायचं कसं हे तिला शिकायचं होतं आणि बाई जिथं शिकल्या तिथंच आपणही जावं, एवढाच तिचा हिशेब. बाई जरा थांबल्या. "माझं स्पेशल बीएड झालंय, एचआयमध्ये. पण खुणा मला इथल्या पोरांनीच शिकवल्या," म्हणाल्या. उत्तर प्रामाणिक होतं. तरीही ते ऐकल्यापासून काहीतरी टोचत राहिलं. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली, नेमणूक नियमाप्रमाणे. आणि ज्या भाषेत वर्ग चालतो ती भाषा मात्र बाईंना आठ-नऊ वर्षांच्या विद्यार्थ्यांनी शिकवलेली.

बाईंचं शिक्षण कमी पडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एचआय, म्हणजे श्रवणदोष हा विषय घेऊन स्पेशल बीएड केलेल्या शिक्षकाला बरंच काही येतं. ऑडिओग्राम वाचता येतो, कुठल्या कानाला कुठल्या पट्टीतला आवाज पोहोचतो हे सांगता येतं. श्रवणयंत्राची बॅटरी उतरलीय, नळीत पाणी साचलंय की कानातला साचा सैल झालाय, हे यंत्र तपासून ओळखता येतं. सकाळी वर्ग भरताना तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी काढायचे आणि मुलाला त्यातले कोणते ऐकू येतात ते टिपायचं, ही डॅनियल लिंग या तज्ज्ञाच्या नावाची चाचणी अशा शिक्षकाच्या रोजच्या सरावातली. 'स' हातातून निसटला की पहिला संशय यंत्रावर. ही सगळी विद्या कामाची आहे. लहान वयात यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं उपकरण, मिळालेल्या मुलाला तर फारच. पण ज्या मुलाला हे सहाही ध्वनी ऐकू येत नाहीत आणि जे घरून एकही भाषा न घेता सहाव्या-सातव्या वर्षी शाळेच्या दारात आलंय, त्याच्याशी पहिल्या दिवशी कुठल्या भाषेत बोलायचं, याचं उत्तर त्या अभ्यासक्रमाच्या एका कोपऱ्यात कसंबसं बसवलेलं असतं.

असं का झालं, त्याची मुळं लांब जातात. १८८० साली मिलानला भरलेल्या परिषदेत कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी मुखानेच शिकवावं, असा ठराव झाला. तो करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे शिक्षक होते. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात. पुढे निघालेल्या शाळाही त्याच वळणावर गेल्या, आणि शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम शाळांच्या मागोमाग. वर्गात ओठ बघायचे, घशावर हात ठेवून कंप जाणायचा आणि हात बाकावर ठेवायचे. खुणा केल्या म्हणून हातावर पट्टी खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत. भाषा मेली नाही, ती वसतिगृहात राहायला गेली. रात्री जेवणानंतर ट्यूबलाइटखाली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे, कर्णबधिर आईबापांच्या घरातून आलेल्या एखाद्या मुलाकडून सगळ्या खोलीकडे. तिचा शिक्षक असा कुणी नव्हता आणि तिला पदवीही नव्हती.

भारतीय सांकेतिक भाषेचा, म्हणजे आयएसएलचा, भाषा म्हणून अभ्यास सुरू झाला तोच मुळी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, बंगळूर आणि मुंबईतल्या खुणा गोळा केल्या. यातले वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. शहरागणिक शब्द बदलले तरी मुळात ही एक भाषा आहे, हे त्या कामातून पुढे आलं. शिकवण्याची सोय व्हायला त्यानंतरही बराच काळ गेला. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये उभी राहिलेली, श्रवणदोषावर काम करणारी अली यावर जंग संस्था मुंबईकरांना ठाऊक आहे. तिथे २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ए, बी, सी अशा पायऱ्यांचे आयएसएलचे वर्ग सुरू झाले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले महाराष्ट्रातले बरेच इंटरप्रिटर त्या पायऱ्या चढून आलेत. २००९ मध्ये इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने, ब्रिटनमधल्या सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या साथीने अप्लाइड साइन लँग्वेज स्टडीज या विषयात बीए सुरू केलं. कर्णबधिर मुलांना त्यांच्याच भाषेतून पदवी, ही कल्पनाच तेव्हा अंगावर शहारा आणणारी होती. ते पुढे बंद पडलं. इग्नूच्याच आवारात मंजूर झालेलं सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्रही गुंडाळलं गेलं, त्यासाठी कर्णबधिर माणसं दिल्लीच्या रस्त्यावर उतरली, आणि अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर स्वतंत्र संस्था म्हणून उभं राहिलं. आजच्या अभ्यासक्रमांची नाळ या केंद्राशी आहे.

म्हणून त्या आईच्या प्रश्नाला आज एक उत्तर आहे, जे बाईंच्या विद्यार्थिदशेत नव्हतं.

ते उत्तर नीट सांगायला तीन वेगळी कामं वेगळी करून घ्यावी लागतात, कारण लोक ती सर्रास एकत्र करतात आणि पैसे भरून झाल्यावर चूक कळते. पहिलं काम कर्णबधिर मुलांच्या वर्गशिक्षकाचं. गणित, परिसर, मराठी शिकवणारा. त्याला एचआय विषयातलं स्पेशल डीएड किंवा स्पेशल बीएड लागतं. दुसरं काम इंटरप्रिटरचं. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, पोलीस ठाणं इथे दोन माणसांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचं पोहोचवणारा. त्यासाठी डिस्ली, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा इंटरप्रिटेशनची दोन वर्षांची पदविका. तिसरं काम भाषेच्या शिक्षकाचं. पालकांना, नव्या शिक्षकांना, इंटरप्रिटर होऊ बघणाऱ्यांना आयएसएल शिकवणारा. त्यासाठी डीटिस्ल ही दोन वर्षांची पदविका आहे आणि ती कर्णबधिर उमेदवारांसाठीच आखलेली आहे. भाषा ज्याची, शिकवणारा तो, हे त्यामागचं तत्त्व मला पूर्ण पटतं. बारावीनंतर या दोन्ही पदविकांचा रस्ता खुला होतो. आता गोंधळ कुठे होतो बघा. डिस्ली केलेली ऐकू येणारी मुलगी छान साईन करते म्हणून शाळा तिला पाचवीचा गणिताचा वर्ग देते. अध्यापन तिला कुणी शिकवलेलं नसतं. स्पेशल बीएड झालेल्याला कोर्टात दुभाषा म्हणून उभं करतात, आणि तो साक्षीदाराच्या वाक्यातलं निम्मंच न्यायाधीशांना सांगतो. कागद दोघांचेही खरे असतात. ते दुसऱ्याच कामाचे असतात.

या तिन्ही अभ्यासक्रमांवर अंमल आहे तो भारतीय पुनर्वास परिषदेचा, सगळे जिला आरसीआय म्हणतात तिचा. १९९२ च्या कायद्याने तिला हा अधिकार दिला. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, मान्य केलेल्या संस्थेतून, मान्यतेच्या काळात पूर्ण केला तरच केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय हे काम व्यवसाय म्हणून केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. दंडाची रक्कम त्या काळातली आहे, पण प्रश्न रकमेचा नाही. नोंदणी नसली की मान्यताप्राप्त शाळेतली नेमणूक पहिल्याच तपासणीत अडकते.

मान्यता हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरतात. "भारत सरकार नोंदणीकृत संस्था" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. खाली बारीक टाइपात बघितलं तर ती ट्रस्टची किंवा सोसायटीची नोंदणी असते, नाहीतर उद्योग म्हणून केलेली उद्यमची. अशी नोंदणी पापडाच्या कारखान्यालाही मिळते, तिचा शिक्षणाशी संबंध नाही. "आयएसओ प्रमाणित" म्हणजे कार्यालयाच्या कामाची पद्धत तपासली गेली, अभ्यासक्रम नाही. "नॅककडून ए प्लस" ही विद्यापीठाची किंवा कॉलेजची एकूण प्रत आहे. त्या कॉलेजातल्या एचआयच्या स्पेशल बीएडला आरसीआयची मान्यता आहे की नाही, हे नॅकची श्रेणी सांगत नाही. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना, हे यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात आहे, आणि बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी दरवर्षी काढते. नागपूरचं एक नाव त्या यादीत वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. तेव्हा पदवी असेल तर दोन कुलपं उघडावी लागतात. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत हवं आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम आरसीआयच्या यादीत हवा. एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही.

तपासायला अर्धा तास लागतो, आणि तो फी भरण्याआधी काढायचा असतो. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी राज्यवार आणि अभ्यासक्रमवार लावलेली असते. आधी अभ्यासक्रमाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं. "अॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन साइन लँग्वेज टीचिंग" असं भारदस्त नाव छापलेलं असेल आणि यादीत तसं काहीच नसेल, तर नाव कितीही भारदस्त असो, विषय तिथेच संपला. मग संस्थेचा पत्ता. मान्यता एका शहरातल्या संस्थेला आणि वर्ग भरतो दुसऱ्या शहरातल्या 'अभ्यासकेंद्रा'त, असं दिसलं तर त्या केंद्राचं नाव यादीत मागायचं. तोंडी आश्वासन चालवून घ्यायचं नाही. मग जागा किती ते. पंचवीस जागा मंजूर आणि वर्गात साठ जण बसलेले असतील तर त्यातल्या काहींचे अर्ज परीक्षेच्या वेळी परत येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मुदतीवर. मान्यता कायमची नसते, ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी असते आणि तिचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं. संस्थेच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं मान्यतापत्र खरंच असतं, फक्त त्यावरची वर्षं उलटून गेलेली असतात. आपला प्रवेश ज्या वर्षाचा, ते वर्ष त्या पत्रात दिसलं पाहिजे. "पत्र आलंय, अपलोड व्हायचंय" हे उत्तर मिळालं तर थांबायचं. पत्र दिसेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही, टोकन म्हणूनसुद्धा नाही.

आणि संपूर्ण ऑनलाइन डिप्लोमा कुणी देऊ करत असेल तर एकच विचारावं, प्रॅक्टिकल कुठे होणार? साईन ही समोरासमोरची भाषा आहे. फोनच्या पडद्यात कोपर चौकटीबाहेर जातं, दोन खुणांमधला सांधा तुटतो आणि डोळा कुठे वळला हे कळत नाही. हौसेने, शेजारच्या मुलाशी बोलायला म्हणून ऑनलाइन वर्ग जरूर करावेत, त्यात वाईट काही नाही. पालकांसाठी तर ते वरदान आहे. त्यातून मिळालेलं प्रमाणपत्र नोकरीचं साधन आहे असं समजलं की घोटाळा होतो.

पास झाल्यावरची अडचण महाराष्ट्रात जरा निराळी आहे आणि ती कुणी आधी सांगत नाही. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पदविकेच्या गुणपत्रिकेवर कुणीतरी वडिलांचं नाव गाळून दोनच शब्द लिहिलेले. मधल्या काळात लग्न झालं असेल तर चौथंच नाव. सीआरआरच्या ऑनलाइन अर्जात ही सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी येतात आणि ती एकाच बाईची आहेत हे तिलाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच अर्जावर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव लिहावं, पहिल्या सत्राची गुणपत्रिका हातात आली की तिथल्या तिथे स्पेलिंग तपासावं आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत तयार ठेवावी. पहिल्या वर्षी एका अर्जात होणारी दुरुस्ती शेवटी सहा महिने खाते, आणि तेवढ्यात नोकरीची जाहिरात येऊन जाते. क्रमांक मिळाला म्हणून फाईल कपाटात टाकू नये. नोंदणीलाही मुदत असते आणि नूतनीकरणासाठी सीआरईचे, म्हणजे सेवेत असताना केलेल्या प्रशिक्षणांचे गुण दाखवावे लागतात. शाळांनीही उमेदवाराने दिलेल्या झेरॉक्सवर न थांबता क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून बघावा.

इथपर्यंत कागदाचं झालं. पण व्हरांड्यातल्या त्या प्रश्नाचा रोख कागदावर नव्हताच.

मान्यता असलेल्या दोन संस्थांतली एक निवडायची तर काय बघावं? इमारत नको, निकालाची टक्केवारीही नको. प्रवेश घेण्याआधी एक सकाळ वर्गात मागे बसू द्या म्हणावं. पहिल्यांदा बघायचं की शिकवणारं माणूस कर्णबधिर आहे का, आणि असलं तर त्याच्या हातात वर्ग आहे की तो ऐकू येणाऱ्या शिक्षकाचा मदतनीस म्हणून कोपऱ्यात उभा आहे. दुसरं, आवाज. चांगल्या वर्गात दार लोटलं की बोलणं बंद. तास-दोन तास फक्त हात. कपड्यांची सळसळ, बाकाचा आवाज, मध्येच कुणीतरी लक्ष वेधायला टेबलावर मारलेली थाप, एवढंच ऐकू येतं, आणि ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिले काही दिवस ते सोसत नाही. ते पुटपुटायला लागतात, मराठी वाक्य तोंडाने म्हणत त्यातल्या शब्दाशब्दाला एकेक खूण लावतात. तिथे शिक्षक थांबवतो की चालवून घेतो, यावर त्या संस्थेची खरी पारख होते.

चालवून घेतलं की काय होतं ते सांगते. आयएसएलला स्वतःचं व्याकरण आहे आणि ते मराठीच्या पाठीवर बसून येत नाही. प्रश्नाचंच घ्या. आपल्याकडे कोण, कुठे, कधी, किती असे वेगवेगळे शब्द. आयएसएलमध्ये प्रश्नाची एक सर्वसाधारण खूण आहे आणि तिच्या आधी काय येतं त्यावर अर्थ ठरतो. चेहऱ्याची खूण आणि मग प्रश्नाची, म्हणजे कोण. जागेची आणि मग प्रश्नाची, म्हणजे कुठे. ती खूण वाक्याच्या शेवटी बसते आणि तिच्याबरोबर चेहराही प्रश्न विचारतो. नकारसुद्धा शेवटी येतो आणि मान हलते ती त्याच्यासोबत. तक्त्यावरून आंबा, गाय, लाल, शाळा अशा दोनशे खुणा पाठ केलेल्या शिक्षकाचा चेहरा मात्र कोरा असतो. मुलाला त्याचे शब्द दिसतात, पण हा विचारतोय की सांगतोय हे दिसत नाही. वाण्याच्या यादीवरून मराठी शिकावं तसं ते होतं. मग मूल मान डोलावतं. कर्णबधिर मुलांच्या वर्गात हे मान डोलावणं सगळ्यात फसवी गोष्ट आहे. समजलं म्हणून नव्हे, बाईंनी पुढे जावं म्हणून मुलं मान डोलावतात.

चांगल्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टी छापील अभ्यासक्रमात सापडणार नाहीत. खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि अर्धं व्याकरण त्यात बुडतं. बाकं अर्धवर्तुळात लावायची, म्हणजे मुलांना एकमेकांचंही बोलणं दिसतं. त्वचेच्या रंगाहून वेगळा, गडद, बिननक्षीचा सदरा किंवा ओढणी. हातात खळखळणाऱ्या बांगड्या आणि चमकणाऱ्या अंगठ्या नकोत. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. आधी लिहायचं, वळायचं, मुलं वाचून होईपर्यंत थांबायचं, मगच हात उचलायचे, कारण डोळे एकावेळी एकच काम करतात. लहान मुलांच्या खुणा पुसट असतात, बोबडं बोलणं असतं तशाच. त्या वाचायची सवय फक्त मोठ्यांबरोबर सराव करून होत नाही. म्हणून पदविकेतल्या प्रॅक्टिकलचे तास कुठे जातात ते विचारायला हवं. शाळेत जातात का, कर्णबधिरांच्या क्लबात जातात का, की विद्यार्थी आपसातच एकमेकांचे व्हिडिओ काढून फाईल भरतात? फाईल जाडजूड होते. समोर सोलापूरचा म्हातारा सुतार किंवा नंदुरबारची मुलगी आली की त्या फाईलचा उपयोग होत नाही. मुंबईत आणि विदर्भात सगळेच शब्द एक नाहीत. राष्ट्रीय केंद्राच्या कोशाची २०२१ मधली आवृत्ती १०,००० शब्दांपर्यंत गेली आणि तो मोठाच आधार आहे, पण कोशातली खूण दाखवून समोरच्याची खूण चूक ठरवणारा शिक्षक मला बघवत नाही.

परदेशातल्या मराठी घरांतूनही हा प्रश्न येतो, म्हणून थोडं त्याबद्दल. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ च्या सनदेपासून पदव्या देतंय, तिथे साइन लँग्वेज शिक्षणात एमए करता येतं आणि त्या पदवीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण ती घडवते तो अमेरिकन सांकेतिक भाषेचा शिक्षक. अमेरिकेत बोटांची अक्षरं एका हाताने होतात, आपल्याकडची प्रामुख्याने दोन हातांनी, आणि शब्दसंग्रह तर निराळाच. न्यू जर्सीतून परत येणाऱ्या मुलीला ती पदवी अध्यापनशास्त्र म्हणून फार उपयोगी पडेल, पण पुण्याच्या शाळेत उभं राहण्याआधी तिला आयएसएल पहिल्यापासून शिकावी लागेल आणि नोंदणीचा प्रश्न आरसीआयकडे स्वतंत्रपणे सोडवून घ्यावा लागेल. उलट धोकाही आहे. यूट्यूबवर अमेरिकन खुणांचा पूर आहे आणि इथले काही वर्ग तिथूनच उचलून शिकवतात. हे कळायची सोपी खूण म्हणजे पहिल्या दिवशीची अक्षरं. एका हाताने एबीसीडी सुरू झाली की विचारावं, ही कुठली भाषा?

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ती ज्यांना भाषा आहे आणि कागद नाही अशी माणसं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, शिवणवर्गात, शाळेच्या फाटकावर अशी कर्णबधिर माणसं असतात. नवं मूल रडायला लागलं की बाई त्यांनाच बोलावून घेतात. भाषेचं खरं अध्यापन तेच करतात आणि पगार मदतनिसाचा घेतात. डीटिस्ल त्यांच्यासाठी आहे, पण तिच्या दारात बारावीची अट आहे, आणि ज्या शाळांनी त्यांना त्यांच्या भाषेत शिकवलं नाही त्याच शाळांतून त्यांनी बारावी व्हावं अशी आपली अपेक्षा आहे. यातून वाट काढणारी एक चांगली गोष्ट २०२१ मध्ये झाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने, म्हणजे एनआयओएसने, माध्यमिक पातळीवर आयएसएलला भाषा विषयाचा दर्जा दिला. आपली भाषा विषय म्हणून घेऊन दहावी, मग बारावी, मग डीटिस्ल, असा जिना आता निदान कागदावर पूर्ण आहे. संस्थांनी आपल्या तरुण कर्णबधिर कर्मचाऱ्यांचे एनआयओएसचे फॉर्म स्वतः भरून घ्यावेत, परीक्षेच्या दिवसांत भरपगारी रजा द्यावी आणि इंटरप्रिटरची सोय मागावी. एका मदतनिसाचा शिक्षक व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. तेवढी वर्षं अशीही जातातच.

शाळांना मात्र तेवढं थांबायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सतराव्या कलमात सांकेतिक भाषेत प्रशिक्षित शिक्षक, आणि त्यातही स्वतः दिव्यांग असलेले शिक्षक, नेमण्याची जबाबदारी लिहिलेली आहे. तरी जाहिरातीत "स्पेशल डीएड/बीएड (एचआय), आरसीआय नोंदणी आवश्यक" एवढंच येतं. त्यात एक ओळ वाढवता येते: उमेदवाराची आयएसएलची चाचणी कर्णबधिर परीक्षकासमोर होईल. मुलाखतीच्या खोलीत सुरुवातीला सगळ्यांनी बोलणं बंद करायचं. परीक्षकाने एसटी चुकल्याची, बाजारात पाकीट हरवल्याची अशी एखादी साधी घटना नेहमीच्या वेगात सांगायची आणि उमेदवाराने ती परत सांगायची. मग शाळेतल्या दुसरी-तिसरीतल्या एका मुलाला बोलवायचं, त्याला जे विचारावंसं वाटेल ते विचारू द्यायचं. शेवटी उमेदवाराने त्याच मुलाला पाव आणि अर्धा यांतला फरक समजावायचा आणि मुलाने मान डोलावली तरी त्याच्या हातात कागद देऊन पाव भाग दुमडायला सांगायचा. गुण परीक्षकाने द्यायचे, मुख्याध्यापकांनी नाही. ज्यांना कमी पडतील पण बाकी सगळं चांगलं आहे त्यांना नेमणुकीबरोबर वर्षभराची सरावाची अट घालता येते, त्याच परीक्षकाकडे, आठवड्यातून ठरलेले तास. आणि त्या परीक्षकाचं मानधन विषयतज्ज्ञाच्या दरानेच लावायचं.